एका ‘टिक’चं प्रकरण: पीएस२ची डिस्क, आजचा पीसी आणि एम्युलेटरमधलं भगदाड

घरात ‘देसी अड्डा: गेम्स ऑफ इंडिया’ची डिस्क आहे. २००९ साली हैदराबादच्या गेमशास्त्र कंपनीने प्लेस्टेशन २साठी केलेला हा गेम. कबड्डी, विटी-दांडू, पतंग असे आपल्या अंगणातले खेळ त्यात आहेत. कन्सोलची लेन्स थकली आहे, डिस्क फिरते पण ओळखली जात नाही. शेजारी ऑफिसातून निघालेला एक सेकंडहँड डेस्कटॉप आहे: सहाव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, डीव्हीडी ड्राइव्ह. त्यावर पीसीएसएक्स२ हा एम्युलेटर, म्हणजे पीसीला पीएस२सारखं वागायला लावणारा प्रोग्राम, टाकून गेम चालवायचा आहे. ही परिस्थिती इतकी सर्रास आढळते की तिच्यावरच हे प्रकरण बेतलं आहे.

गेम चालेल का, याचं उत्तर सोपं आहे: बहुतेक चालेल. त्याच्या मागचा प्रश्न मात्र फार थोडे जण विचारतात. एम्युलेटरमध्ये उघडलेली डिस्कची इमेज, म्हणजे तिची फाइलरूपातली पूर्ण प्रत, आपल्या पीसीचं काय करू शकते? २०२५च्या जूनमध्ये याचं एक नेमकं उत्तर जाहीर झालं. सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२५-४९५८९ या क्रमांकाने नोंदलेल्या दोषानुसार, पीसीएसएक्स२च्या २.३.४१४पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये ‘आयओपी कन्सोल लॉगिंग’ (पीएस२मधल्या धाकट्या प्रोसेसरचे संदेश नोंदवणं) हा पर्याय चालू असेल, तर मुद्दाम तशी बनवलेली इमेज नुसती उघडल्यानेही परक्याचा कोड पीसीवर चालू शकतो. हा पर्याय मुळात बंद असतो, म्हणून अनेकांनी बातमी वाचून सोडून दिली. या पर्यायासमोर टिक, म्हणजे बरोबरची खूण, कोण लावतं आणि कधी लावतं, हे पाहिल्यावर ती सोडून देण्यासारखी राहत नाही.

डिस्कपासून इमेजपर्यंत

पीसीएसएक्स२ला एसएसई४.१ हा सूचनासंच असलेला ६४-बिट प्रोसेसर लागतो, एव्हीएक्स२ हा त्यानंतरचा संच असेल तर उत्तम. सहाव्या पिढीच्या आय५मध्ये दोन्ही आहेत. गाभ्यांच्या (कोअरच्या) संख्येपेक्षा एकेका गाभ्याचा वेग इथे जास्त मोलाचा, कारण पीएस२चा मुख्य प्रोसेसर एका धाग्यावरच (थ्रेडवर) उतरवला जातो. प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सवर मूळ रिझोल्यूशन किंवा दुप्पट इतकीच अपेक्षा ठेवावी.

डिस्क उलटी करून खालची बाजू पाहा. निळी असेल तर ती सीडी, चंदेरी असेल तर डीव्हीडी. डीव्हीडी असेल तर २०४८ बाइटांच्या सेक्टरांची (डिस्कवरच्या तुकड्यांची) साधी आयएसओ इमेज काढायची: विंडोजवर इमगबर्नचा ‘रीड’ मोड, लिनक्सवर ‘डिस्क्स’मधला इमेज बनवण्याचा पर्याय. निळ्या सीडीची आयएसओ काढू नका. तिचे सेक्टर २३५२ बाइटांचे असतात आणि गाण्यांचे ट्रॅक असतील तर आयएसओमध्ये ते गळून पडतात, म्हणून तिथे बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडी लागते. एका थराच्या डीव्हीडीला साध्या ड्राइव्हवर दहा-पंधरा मिनिटं लागतात. ओरखडे असतील तर वाचनाचा वेग ४एक्सवर आणा. चुकीचे सेक्टर ‘वगळा’ म्हणायचा मोह टाळा, कारण तशी इमेज सुरू होते आणि तिसऱ्या लेव्हलला अडकते, मग दोष एम्युलेटरच्या माथी येतो. आणखी एक हमखास चूक म्हणजे इमेज फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घेणं. तिथे ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस वापरा.

इमेज मिळाली की आधी पडताळणी, मग दाबणी, म्हणजे फाइलचा आकार लहान करणं. पीसीएसएक्स२च्या यादीत गेमवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की ‘व्हेरिफाय’ बटण आहे. ते हॅश, म्हणजे फाइलच्या ठशासारखा आकडा, काढून रीडम्प या डिस्क-नोंदींच्या संग्रहाशी ताडतं. जुळलं तर ही डिस्क कारखान्यातून निघाली तशीच आहे, मध्ये कुणाचा हात फिरलेला नाही, एवढं पक्कं कळतं. नाही जुळलं तर दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा काढा. दोन्ही प्रती एकमेकींशी जुळल्या आणि नोंदीशी नाही, तर तुमच्या डिस्कची छपाई वेगळी असण्याची शक्यता जास्त. दोन्ही प्रती आपसातही वेगळ्या निघाल्या तर डिस्क किंवा ड्राइव्ह खराब. भारतात निघालेल्या थोड्या खपाच्या डिस्कची नोंद संग्रहात नसेल तर दोन ड्राइव्हवरच्या दोन प्रतींचा मेळ हीच पडताळणी समजा. त्यानंतरच सीएचडी या कमी जागा घेणाऱ्या इमेज-प्रकारात दाबा. डीव्हीडीला सीएचडीमॅन या प्रोग्रामची ‘क्रिएटडीव्हीडी’ आज्ञा, सीडीला ‘क्रिएटसीडी’.

बायोस, म्हणजे कन्सोल सुरू करणारा त्याच्या आतला प्रोग्राम, हा पुढचा टप्पा, आणि बहुतेकांचं पाऊल इथेच घसरतं. पीएस२चा बायोस ४ एमबीचा असतो आणि तो सोनीचा कॉपीराइट आहे. पीसीएसएक्स२ तो कधीच सोबत देत नाही. त्यामुळे ‘बायोससकट पीसीएसएक्स२’ असं लिहिलेलं कुठलंही पॅकेज अधिकृत नव्हे, हे तिथल्या तिथे ओळखता येतं. आपल्या कन्सोलमधून बायोस काढायला फ्री मॅकबूट (कन्सोलवर बाहेरचे प्रोग्राम चालू देणारी सोय) असलेलं मेमरी कार्ड, बायोसड्रेन हा छोटा प्रोग्राम आणि फॅट३२ पेनड्राइव्ह लागतो. पीएस२चं यूएसबी १.१ असल्याने फाइल सावकाश उतरते, मध्येच पेनड्राइव्ह ओढू नका. लेन्स मेलेली असली तरी हा मार्ग चालतो, कारण सगळं मेमरी कार्डवरून सुरू होतं. अगदी शेवटच्या स्लिम मॉडेलांवर, बायोस २.३० असलेल्यांवर, फ्री मॅकबूट चालत नाही.

कायद्याचं एवढंच: भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५२(१)(एए)मध्ये कायदेशीरपणे प्रोग्राम बाळगणाऱ्याला नुकसानीपासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करण्याची मुभा आहे. आपल्या डिस्कची प्रत काढणं आणि इंटरनेटवरून दुसऱ्याची प्रत उतरवणं यांत कायद्याने फरक पडतो. सुरक्षेच्या बाजूनेही पडतो, तो पुढे येतोच.

५० हर्ट्झची कुरकुर

भारतातले पीएस२ गेम पाल या टीव्ही-पद्धतीचे, म्हणजे बहुतेक ५० हर्ट्झचे. मॉनिटर ६०वर असेल तर दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दिसते आणि पतंग सरळ जायच्या ऐवजी हिसके देत जातो. हा एम्युलेटरचा दोष नव्हे आणि ‘स्पीडहॅक’ या वेग वाढवण्याच्या पर्यायांनी तो जातही नाही. मॉनिटर ५० किंवा १०० हर्ट्झवर घ्या, बदलत्या रिफ्रेश-रेटचा मॉनिटर असेल तर सोन्याहून पिवळं. चित्राच्या कडा थरथरत असतील तर डीइंटरलेसिंग (चित्राच्या एकाआड एक ओळी जुळवण्याचा पर्याय) आधी ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा, मग एकेक पर्याय बदलून बघा.

बाकी सेटिंग्ज मुळात आहेत तशाच राहू द्या. गेमगणिक लागणाऱ्या दुरुस्त्या पीसीएसएक्स२ स्वतःच्या नोंदवहीतून आपोआप लावतं. जुन्या व्हिडिओत सांगितलेले आकडे १.४ किंवा १.६ आवृत्तीचे असतात, ते आज उलट घात करतात. त्या काळी ग्राफिक्स आणि आवाजासाठी वेगवेगळे प्लगइन असत. ते प्लगइन म्हणजे विंडोजच्या डीएलएल फाइली, थेट पीसीवर चालणारा कोड. आताच्या आवृत्त्यांत प्लगइनच नाहीत. कुणी ‘हा प्लगइन टाक’ म्हटलं तर तो सल्ला जुना आहे किंवा घातक आहे, दोन्ही बाबतीत टाकायचा नाही.

टिक लागते तो क्षण

समजा इतकं करूनही सुरुवातीच्या लोगोनंतर पडदा काळाच राहिला. माणूस मदत शोधतो आणि सल्ला मिळतो: ‘लॉग चालू कर आणि लॉग पाठव.’ टूल्स मेन्यूत ‘ईई कन्सोल लॉगिंग’ आणि ‘आयओपी कन्सोल लॉगिंग’ एकाखाली एक आहेत. दोन्हींवर टिक लागते. लॉगच्या खिडकीत ‘लोडमोड्यूल’ अशा शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी धावू लागतात. या ओळी गेम बनवणाऱ्यांनी स्वतःसाठी लिहिलेल्या असतात. दुकानातून घेतलेल्या कन्सोलवर त्या कुणालाच दिसत नसत, पण डिस्कवर मात्र राहून गेल्या.

लॉगवरून कळतं की एक फाइल वाचता वाचता गाडं अडलं, म्हणजे इमेज खराब. मग सर्वांत जवळची वाट: तोच गेम कुठून तरी उतरवायचा. नवी इमेज आली, चालली, प्रकरण मिटलं असं वाटतं. पण टिक तशीच राहते. तो पर्याय एका गेमपुरता नसतो, सगळ्या एम्युलेटरला लागू असतो आणि पीसीएसएक्स२ बंद करून उघडलं तरी टिकतो. म्हणजे ज्या माणसाची टिक लागली आहे, तोच अनोळखी इमेज उघडणारा माणूस आहे. होमब्रू, म्हणजे कन्सोलसाठी हौसेने केलेले प्रोग्राम, लिहिणारे, गेमचं भाषांतर करणारे, बिघडलेली डिस्क तपासणारे, सगळे याच गटात येतात. ‘मुळात बंद असतो’ या दिलाशाचा त्यांना काही उपयोग नाही.

भगदाड नेमकं कुठे

पीएस२मध्ये दोन मेंदू आहेत. मोठा म्हणजे इमोशन इंजिन, सुमारे २९५ मेगाहर्ट्झचा, ३२ एमबी रॅमचा. धाकटा म्हणजे आयओपी: हा पहिल्या प्लेस्टेशनचाच प्रोसेसर, स्वतःच्या २ एमबी रॅमसह. डिस्क वाचणं, कंट्रोलर, मेमरी कार्ड, आवाज पुढे ढकलणं ही कामं त्याच्याकडे. त्याच्यासाठी लागणारे छोटे प्रोग्राम, आयआरएक्स मोड्यूल, गेमच्या डिस्कवरच असतात. म्हणून जो डिस्क बनवतो, तो आयओपीवर काय चालायचं हेही ठरवतो.

या मोड्यूलना ओळ छापायची असते तेव्हा ते कन्सोलच्या गाभ्यातलं, म्हणजे कर्नल या मूळ सिस्टममधलं, छपाईचं फंक्शन बोलावतात. एम्युलेटर इथे एक शॉर्टकट घेतो. गाभ्यातल्या फंक्शनची एकेक सूचना चालवण्याऐवजी तो हाक मध्येच अडवतो आणि तेच काम आपल्या सी++ कोडमध्ये उरकतो. पीसीएसएक्स२मधल्या या कोडचं नाव ‘केप्रिंटएफ_एचएलई’. गेमने दिलेला साचा घ्यायचा, त्यात आकडे-मजकूर भरायचा आणि तयार ओळ लॉगमध्ये टाकायची, एवढंच त्याचं काम.

तयार होणारी ओळ स्टॅकवरच्या, म्हणजे चालू फंक्शनच्या कामाच्या मेमरीतल्या, ठरावीक मापाच्या जागेत लिहिली जात होती, आणि ओळ किती लांब होईल याला लगाम नव्हता. छपाईच्या साच्यांची गंमत अशी की साचा छोटा असूनही ओळ प्रचंड होऊ शकते. ‘हा आकडा इतक्या रुंदीत छाप’ असं सांगायला चार-पाच अक्षरं पुरतात, आणि रुंदी हजारोंत दिली की तितकी रिकामी जागा भरली जाते. मजकूर घालायचा असेल तर तो गेमच्या मेमरीतून हवा तितका लांब देता येतो. माप ओलांडलं की शेजारचं स्टॅक पुसलं जातं. फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता तिथेच असतो. तो पत्ता हल्लेखोराच्या मर्जीचा झाला की पुढची सूचना पीएस२ची नसते, तुमच्या पीसीची असते. कंपायलर स्टॅकवर पहारेकरी ठेवतो, तो अनेकदा गडबड पकडून प्रोग्राम पाडतो आणि माणसाला फक्त क्रॅश दिसतो. पण पहारेकऱ्याच्या भरवशावर दार उघडं ठेवत नाहीत, म्हणून हा दोष कोड चालवण्याची शक्यता असलेला असाच नोंदला गेला.

लॉगिंग बंद असेल तर धोकादायक ओळ बांधली जात नाही. सगळा फरक त्या टिकेचा.

एम्युलेटर म्हणजे कुंपण नव्हे

‘गेम तर पीएस२च्या आतच चालतोय, बाहेर कसा येईल?’ हा गैरसमज जाणत्या लोकांतही आढळतो. आयओपीच्या कोडला थेट दिसते ती त्याची २ एमबी रॅमच, हे खरं. पण त्या रॅमला बाहेर दारं आहेत: छपाई, डिस्क, मेमरी कार्ड, कंट्रोलर, नेटवर्क, ग्राफिक्स. प्रत्येक दारामागे पीसीच्या भाषेतला कोड उभा आहे आणि आतून येईल ते तो हाताळतो. त्यातलं कुठलंही दार ढिलं निघू शकतं. वेगासाठी एम्युलेटर पीएस२च्या सूचनांचं पीसीच्या सूचनांत भाषांतर करून ते मेमरीत लिहितो आणि तिथूनच चालवतो. लिहिता येईल आणि चालवताही येईल अशी मेमरी हल्लेखोराला आयती मिळालेली सोयच असते.

एक दार तर मुद्दामच ठेवलेलं आहे. ‘होस्ट फाइलसिस्टम’ पर्याय चालू केला की गेमला पीसीवरच्या फाइली थेट उघडता येतात. होमब्रू तपासताना तो कामाचा आहे. अनोळखी इमेजसाठी तो चालू ठेवणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

पीएस२च्याच घराण्यात याचे दोन दाखले आहेत. सीटर्ट या टोपणनावाने काम करणाऱ्या संशोधकाने २०२० साली ‘फ्रीडीव्हीडीबूट’ आणलं. पीएस२मधल्या डीव्हीडी प्लेयरच्या वाचनातल्या अशाच ओव्हरफ्लोचा, म्हणजे माप ओलांडून लिहिलं जाण्याचा, फायदा घेऊन, घरी बर्न केलेली साधी डीव्हीडी घातली की कन्सोल मालकाला हवा तो प्रोग्राम चालवतं. फ्री मॅकबूटला दाद न देणाऱ्या स्लिम कन्सोलचा बायोस काढायला हाच रस्ता उपयोगी पडतो, फक्त लेन्स धड हवी. २०२२ साली त्यानेच ‘मास्टिकोर’ मांडलं. पीएस४ आणि पीएस५वर जुने पीएस२ गेम सोनीच्याच एम्युलेटरमध्ये चालतात. ‘ओकागे: शॅडो किंग’ या गेमची सेव्ह फाइल बदलून आधी गेमचा ताबा, मग त्या एम्युलेटरमधून बाहेर, अशी ती साखळी. इमेज अस्सल, विकत घेतलेली. आत शिरलं ते सेव्हमधून.

यावरून आपल्या प्रकरणात एक गोष्ट बदलते. रीडम्पशी जुळलेली इमेज असली तरी दुसऱ्याचं मेमरी कार्ड किंवा सेव्हस्टेट (एम्युलेटरने जपलेली खेळाची त्या क्षणाची स्थिती) त्यावर चढवलं की पडताळणीची हमी संपते.

आधी आवृत्ती

पहिलं काम अद्ययावत करणं: २.४.० किंवा त्यापुढची स्थिर आवृत्ती. पीसीएसएक्स२मध्ये मधला आकडा सम असेल तर स्थिर, विषम असेल तर रोजची चाचणी-आवृत्ती. दुरुस्ती २.३.४१४मध्ये आली, म्हणजे स्थिर २.२वर राहिलेले लोक अजून उघड्यावर आहेत. क्रमांक ‘हेल्प’ मेन्यूतल्या ‘अबाउट’मध्ये दिसतो.

लोक जुन्या आवृत्तीला चिकटून राहतात त्याचं खरं कारण सेव्हस्टेट असतं. सेव्हस्टेटमध्ये एम्युलेटरच्या पोटातली त्या क्षणाची सगळी स्थिती असते, आणि आवृत्ती बदलली की ती बऱ्याचदा उघडत नाही. चाळीस तासांचा खेळ जाईल या भीतीने अपडेट लांबतं. उपाय सरळ आहे. जुन्या आवृत्तीत स्टेट उघडा, गेममधल्या सेव्हच्या जागेपर्यंत खेळा, मेमरी कार्डावर सेव्ह करा, एम्युलेटर बंद करा आणि ‘मेमकार्ड्स’ फोल्डर दुसरीकडे उतरवा. ८ एमबी कार्डाची फाइल बरोबर ८६,५०,७५२ बाइटांची असते. ती लहान दिसली तर प्रत अर्धवट उतरली आहे. मग अपडेट करा. मेमरी कार्ड आवृत्तीला बांधलेलं नसतं.

त्यानंतर टूल्समध्ये जाऊन आयओपी लॉगिंगची टिक काढा. नव्या आवृत्तीतही काढा. हा दोष बुजला, पण ज्या दारातून कुणी ये-जा करत नाही ते बंद असलेलंच बरं. होस्ट फाइलसिस्टम बंद, नेटवर्कमधलं इथरनेटही बंद, ऑनलाइन खेळणार असाल तेवढ्यापुरतं चालू.

कुंपण बाहेरून घालायचं

लिनक्सवर हे सोपं आहे. पीसीएसएक्स२ फ्लॅटहब या भांडारातून फ्लॅटपॅक पॅकेज म्हणून घ्या आणि सोबत त्याच्या परवानग्या बदलणारं फ्लॅटसील टाका. फ्लॅटपॅक म्हटलं की आपोआप बंदिस्त, असं मात्र नाही. एम्युलेटरांना कुठूनही गेम उघडता यावेत म्हणून त्यांची पॅकेजं फाइलींची सैल परवानगी मागतात. फ्लॅटसीलमध्ये ‘ऑल सिस्टम फाइल्स’ आणि ‘ऑल यूजर फाइल्स’ दोन्ही बंद करा, आणि ‘अदर फाइल्स’मध्ये फक्त गेमच्या फोल्डरचा पत्ता घाला, शेवटी ‘:आरओ’ हे केवळ वाचण्याचं शेपूट इंग्रजी लहान अक्षरांत लावून. मेमरी कार्डं पॅकेजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे सेव्हला अडचण येत नाही. नेटवर्क बंद करा. इथे हे बंधन खरं असतं, कारण आतून सुरू झालेला प्रत्येक दुसरा प्रोग्रामही त्याच बंद खोलीत राहतो. रेट्रोअचिव्हमेंट्स, म्हणजे जुन्या गेममधली ऑनलाइन पदकं, वापरत असाल तर नेटवर्क लागेल. मग निदान फाइलींचं कुंपण तरी घट्ट ठेवा, दोन्हींत तेच जास्त मोलाचं. कंट्रोलर ओळखेनासा झाला तर उपकरणांची परवानगी बंद पडली असेल, ती परत द्या. त्याऐवजी ॲपइमेज, म्हणजे एकाच फाइलमधलं पॅकेज, घेतली असेल तर तिच्याभोवती कुठलंही कुंपण नसतं, ती तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या फाइलींसह चालते.

विंडोजवर जास्त कष्ट आहेत. विंडोज सँडबॉक्समध्ये गेम खेळणं व्यवहार्य नाही, कंट्रोलर आत पोचत नाही आणि बंद केलं की सगळं पुसलं जातं. वापरण्याजोगा मार्ग म्हणजे गेमसाठी वेगळं स्थानिक खातं, ‘स्टँडर्ड’ प्रकारचं, ॲडमिनिस्ट्रेटर नव्हे. बँकेचा ब्राउझर, मेल, फोटो आपल्या नेहमीच्या खात्यात. पीसीएसएक्स२ प्रोग्राम फाइल्समध्ये बसवा, म्हणजे गेमच्या खात्यातून त्याची मूळ फाइल कुणी बदलू शकणार नाही. पोर्टेबल पद्धतीने चालवायचं तर प्रोग्रामचं फोल्डर लिहिण्यासाठी उघडं ठेवावं लागतं, ही सोय त्याच कारणाने महाग पडते. इमेज दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवून गेमच्या खात्याला तिथे फक्त वाचण्याची परवानगी द्या. आणि मुख्य म्हणजे खात्यांची फास्ट-स्विचिंग न करता साइन-आउट करून जा-ये करा.

फायरवॉलमध्ये आउटबाउंड नियम करून पीसीएसएक्स२चा प्रोग्राम अडवता येतो. तो करावा, पण त्याची मर्यादा ओळखून. नियम त्या एका प्रोग्राम-फाइलला बांधलेला असतो. आत घुसलेल्या कोडने पॉवरशेल सुरू केलं तर पॉवरशेलला तो नियम लागू नाही. शिवाय हाच नियम पीसीएसएक्स२च्या अपडेटरलाही अडवतो, मग माणूस नकळत जुन्या आवृत्तीवर राहतो. नियम ठेवणार असाल तर महिन्यातून एकदा आवृत्ती हाताने तपासायची, ही सवय त्याच्याबरोबरच लावून घ्या.

दुसऱ्याकडून आलेली फाइल

आयएसओ म्हणून आलेली फाइल पीएस२ची आहे का, हे एम्युलेटर न उघडता पाहता येतं. आधी विंडोजमध्ये फाइलींची एक्स्टेंशन दिसतील असं करा. मग इमेज माउंट करा आणि आत पाहा. मुळाशी ‘सिस्टम.सीएनएफ’ नावाची छोटी फाइल हवी. नोटपॅडमध्ये ती उघडली की तीन-चार ओळी दिसतात: ‘बूट२’ने सुरू होणारी, जिच्यात गेमचा क्रमांक आहे, आवृत्ती सांगणारी ‘व्हीईआर’, आणि ‘व्हीमोड’समोर पाल किंवा एनटीएससी. ‘बूट२’ऐवजी नुसतं ‘बूट’ असेल तर डिस्क पहिल्या प्लेस्टेशनची. आणि आत विंडोजचा सेटअप किंवा एखादा शॉर्टकट दिसला तर तो गेम नव्हे. अनमाउंट करून फाइल काढून टाका. पासवर्ड घातलेली झिप आणि ‘आधी हा डाउनलोडर चालवा’ हे दोन्ही त्याच जातीचे.

भाषांतराचा पॅच हवा असेल तर पॅच लावलेली तयार इमेज घेऊ नका. आपली पडताळलेली इमेज घ्या, तिच्या प्रतीवर एक्सडेल्टा पॅच स्वतः लावा, आणि पॅच करणाऱ्याने निकालाचा हॅश दिला असेल तर तो ताडा. ‘व्हेरिफाय’ आता जुळणार नाही, ते अपेक्षितच आहे. पॅच हा अनोळखी माणसाने लिहिलेला कोडच असतो, पण निदान कुठला भाग कुणाचा हे तुम्हाला ठाऊक राहतं. पीनॅच फाइली, म्हणजे चीट आणि वाइडस्क्रीनचे पॅच, साध्या मजकुरात असतात. पीएस२च्या मेमरीत कुठे काय लिहायचं एवढंच त्या सांगतात. त्या पीसीवर थेट चालत नाहीत, मात्र पीएस२च्या आत कोड पेरायला तेवढंही पुरतं. दुसऱ्याचं सेव्हस्टेट अजिबात घेऊ नका. मेमरी कार्ड घ्यावंच लागलं तर ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवून दुसऱ्या स्लॉटला जोडा.

टिक लावून अनोळखी इमेज उघडली असेल तर

काळा पडदा किंवा क्रॅश म्हणजे हल्ला असं समजू नका, बहुतेक वेळा ती खराब इमेजच असते. तरी जुनी आवृत्ती, टिक चालू आणि इमेज परकी, हे तिन्ही एकत्र आले असतील तर क्रम असा ठेवा. पीसीचं नेटवर्क तोडा. ती इमेज पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा आणि तिचा हॅश लिहून घ्या, कारण रीडम्पशी ती तंतोतंत जुळली तर त्या डिस्कवरचा कोड मूळ कारखान्याचाच आहे आणि काळजी तिथेच संपते. नाही जुळली तर ऑफलाइन अँटिव्हायरस स्कॅन करा, टास्क मॅनेजरमधली स्टार्टअप यादी आणि टास्क शेड्युलर पाहा. लिनक्सवर ऑटोस्टार्ट फोल्डर आणि शेलच्या सुरुवातीच्या फाइलींच्या तारखा पाहा. पासवर्ड बदलायचे ते फोनवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून, याच पीसीवरून नव्हे, आणि ब्राउझरमधली चालू लॉगिन बंद करायलाही विसरू नका. एखादी न ओळखता येणारी नोंद सापडली तर मेमरी कार्डांच्या फाइली तेवढ्या उतरवून विंडोज नव्याने घाला. इमेज पुन्हा आपल्या डिस्कवरूनच काढा, ४एक्सवर, दुसऱ्या ड्राइव्हने.